होम्स काउंटी कशी समजून घ्यावी

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ईशान्य भागातील होम्स काउंटीचा (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) नकाशा उघडल्यावर रस्त्यांच्या आधी पाणी पाहावे. किलबक हा मोठा ओढा काउंटीतून दक्षिणेकडे वाहतो आणि काउंटीचे मुख्य ठिकाण, मिलर्सबर्ग, त्याच्याच काठी आहे. हिमयुगातील बर्फाची सीमा याच काउंटीतून जात असल्याने वायव्येकडील जमिनीचा उंचसखलपणा बर्फाने बराच कमी केला, तर आग्नेयेकडे अरुंद दऱ्या आणि चढउताराची शेते तशीच राहिली.

त्यानंतर कारभाराची उतरंड लक्षात घ्यावी. काउंटीत 14 टाउनशिप, म्हणजे तिचे लहान प्रशासकीय विभाग, आहेत. मिलर्सबर्ग आणि ओढ्याच्याच नावाचे किलबक गाव यांना स्वतःचा महापौर व परिषद आहे. पर्यटकांनी गजबजलेल्या बर्लिनला मात्र गाव म्हणून वेगळे शासनच नाही, तेथील कारभार टाउनशिपचे तीन विश्वस्त पाहतात. रस्त्यावर नावाचा फलक दिसला म्हणजे तेथे गावाची स्वतंत्र सत्ता असेलच, असे गृहीत धरू नये.

खरा वेळ माणसांसाठी राखून ठेवावा. 2020 च्या जनगणनेनुसार येथे 44,223 लोक राहतात आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास आमिश, म्हणजे जुनी साधी राहणी जपणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, आहेत. त्यांची दाट वस्ती पूर्व भागात, वॉलनट क्रीक, चार्म आणि माउंट होप यांच्या परिसरात आहे. घरात ते पेनसिल्व्हेनिया डच बोलतात, जी नावाने डच असली तरी जर्मनची बोली आहे. शाळेत इंग्रजी शिकतात आणि उपासनेत प्रमाण जर्मन वापरतात. उपासना चर्चच्या इमारतीत नव्हे, तर एक रविवार सोडून आळीपाळीने एकेका कुटुंबाच्या घरी होते. म्हणून नकाशावर चर्च शोधून हा समाज सापडत नाही. तो पाहायचा असेल तर बुधवारी माउंट होपच्या गुरांच्या लिलावाला जावे, खरेदी रविवारी ठेवू नये आणि कोणाच्याही चेहऱ्याचे छायाचित्र घेऊ नये. ही त्यांच्या श्रद्धेची बाब आहे आणि ती मनापासून पाळावी.

गाडी चालवताना टेकडीच्या माथ्याआधीच वेग उतरवावा. ताशी 55 मैलांनी जाणाऱ्या मोटारीला 150 मीटर पुढे ताशी आठ मैलांनी चाललेली घोडागाडी गाठायला जेमतेम सात सेकंद लागतात. बहुतेक घोडागाड्यांच्या मागे संथ वाहनाची खूण असलेला नारिंगी त्रिकोण असतो, परंतु स्वार्ट्झेनट्रूबर हा अधिक कर्मठ गट तो लावत नाही. त्यांच्या गाडीवर त्याऐवजी चकाकत्या पट्ट्या असतात आणि संध्याकाळच्या प्रकाशात त्या उशिरा दिसतात.