थंडीत डिझेल गाडी सुरू होईना: दोष ग्लो प्लगचा

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो. अशा सकाळी आमची जुनी डिझेल गाडी नुसतीच घरघरायची, मागून पांढरा धूर सोडायची आणि बऱ्याच वेळाने अडखळत सुरू व्हायची. दुपारी मात्र एका चावीत!

जो तो म्हणे बॅटरी बदला. पण स्टार्टर जोरात फिरत होता. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवायची आणि चावी मारताना १० च्या खाली जात नव्हती. म्हणजे बॅटरी ठणठणीत. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जातंय, पण पेट घेत नाही. संशय ग्लो प्लगवर आला, म्हणजे थंड इंजिन सुरू करण्याआधी सिलिंडरच्या आत गरम होणाऱ्या छोट्या हीटरवर. प्रत्येक सिलिंडरला एक, असे आमच्या गाडीत चार.

प्लगना जोडणारी पट्टी आधी काढायची, नाहीतर सगळ्यांचं रीडिंग एकत्र येतं. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगच्या डोक्याला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. दोन प्लगनी एक ओहमच्या आसपास दाखवलं, उरलेल्या दोनांत आकडाच येईना. आतली तार तुटलेली. चावी ऑन केल्यावर पट्टीच्या वायरला १२ व्होल्ट येत होते, म्हणजे प्लगना वीज देणारा स्विच, रिले, शाबूत.

काढताना घाई अजिबात नको. इंजिन कोमट, आट्यांवर गंज सोडवणारं तेल, पाना हळूहळू मागे-पुढे. प्लग आतच तुटला तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवायची वेळ येऊ शकते. चारही नवे बसवले.

आणि कृपया, ग्लो प्लगवाल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टनचं नुकसान होतं.