एआय एजंटसाठी रिफंड टूलचं डॉक्युमेंटेशन लिहिताय? या चुका टाळा

सबस्क्रिप्शन रिफंडच्या टूलची वर्णनं तपासायचं काम माझ्याकडे सतत येतं आणि त्याच त्या चुका बघून आता खरंच कंटाळा आलाय. हे डॉक्युमेंटेशन माणूस वाचणार नाहीये हो! ते वाचतो एआय एजंट, म्हणजे ग्राहकाशी चॅट करता करता टूल (तुमच्या कोडमधलं एखादं फंक्शन) स्वतःच चालवणारा प्रोग्रॅम. माणूस अडला की बाजूच्याला विचारतो, "अरे, हे रुपयात टाकू की पैशात?" एजंट बहुतेक वेळा विचारत नाही, समोर जे लिहिलंय त्यावरून अंदाज बांधतो आणि रिफंड करून मोकळा होतो.

तर सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रकमेचं एकक न लिहिणं. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पेमेंट घेणारी आणि परत करणारी सेवा) रेझरपे घ्या नाहीतर स्ट्राइप, रक्कम चलनाच्या सगळ्यात लहान एककात द्यावी लागते, म्हणजे 499 रुपयांसाठी 49900. मी आधी जिथे काम करायचे तिथे वर्णनात फक्त "अमाउंट: परत करायची रक्कम" एवढंच होतं. एका बाईंचा 499 चा प्लॅन नको असताना रिन्यू झाला, त्यांनी चॅटवर रिफंड मागितला, एजंटने 499 पाठवले आणि त्यांच्या खात्यात जमा झाले 4 रुपये 99 पैसे. वर एजंट त्यांना सांगतोय की तुमचे 499 रुपये परत केलेत. त्यांना वाटलं आपली थट्टा चाललीये, आणि का नाही वाटणार? मग घाईघाईत कोणीतरी वर्णनात "रक्कम 100 ने गुणून द्या" टाकलं, आणि त्याच दिवशी दुसऱ्याने कोडमध्येही 100 ने गुणायची ओळ घातली, दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. पूर्ण रिफंड गेटवेनेच अडवले, कारण रक्कम मूळ पेमेंटपेक्षा जास्त होत होती. पण 4999 च्या वार्षिक प्लॅनवाल्या एकाला 40 रुपये परत द्यायचे होते, त्याला 4000 गेले. ते बसत होते ना 4999 मध्ये!

तेव्हापासून मी पॅरामीटरच्या (टूलला जी माहिती भरून द्यायची तिच्या) नावातच "पैशांमध्ये" घालते आणि खाली एक उदाहरण देतेच देते: 499 रुपये असतील तर 49900. सरसकट "100 ने गुणा" मात्र लिहू नका, जपानी येनला खाली सुटे पैसेच नाहीत, स्ट्राइपवर 500 येन म्हणजे 500च.

दुसरी चूक, रिफंड आणि कॅन्सल एकच समजणं. ग्राहक म्हणतो "बंद करा आणि पैसे द्या", एजंटला रिफंडचं टूल दिसतं, तो पैसे देतो आणि "तुमचं सबस्क्रिप्शन बंद केलंय" असं सांगून टाकतो. प्रत्यक्षात मँडेट, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायला ग्राहकाने दिलेली परवानगी, चालूच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ई-मँडेटवर पैसे कापायच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना जाते, म्हणजे पुढच्या महिन्यात त्या माणसाला तुमच्याच नावाने मेसेज येणार की उद्या पैसे कापले जातील. त्याने काय समजायचं? म्हणून टूल काय करत नाही हे मी वर्णनाच्या दुसऱ्याच वाक्यात लिहिते: "याने फक्त झालेल्या पेमेंटचे पैसे परत जातात. पुढचं बिलिंग थांबत नाही, त्यासाठी कॅन्सलचं टूल वापरा."

आयडी कुठला ते लिहा. रेझरपेत रिफंड पेमेंट आयडीवर होतो, सबस्क्रिप्शनच्या आयडीवर नाही.

"काहीतरी चुकलं" असा एरर एजंटला देऊ नका, तो परत प्रयत्न करतो. पूर्ण रिफंड दुसऱ्यांदा होत नाही, गेटवे नाकारतो, पण अर्धवट रिफंड मूळ रक्कम संपेपर्यंत जातच राहतात. टाइमआउट झाला तर आधी स्टेटस बघ, मग त्याच आयडेम्पोटन्सी कीने (एकच विनंती दोनदा गेली तरी काम एकदाच व्हावं म्हणून तिला जोडलेला कोड) परत पाठव, असं एररमध्येच सांगा. दर वेळी नवीन की बनवली तर तिचा काही उपयोग नाही.

पैसे खात्यात पोचायला साधारण 5 ते 7 कामाचे दिवस लागतात हेही लिहा, नाहीतर एजंट "लगेच जमा होतील" म्हणून सांगतो.

"योग्य वाटल्यास रिफंड द्या" असलं वाक्य तर दिसलं की मी खोडतेच. कोणाला योग्य वाटल्यास? मर्यादा कोडमध्ये घाला, वर्णनातली मर्यादा गोड बोलून ओलांडता येते. एमसीपीमध्ये (एजंटला टूल जोडायची एक प्रमाणित पद्धत) टूलला डिस्ट्रक्टिव्ह, म्हणजे नुकसान करू शकणारं, अशी खूण करता येते, पण ती नुसती सूचना आहे, माणसाची मंजुरी हवी असेल तर ती तुमच्या सिस्टीमलाच घ्यावी लागेल.

नवीन मुलं फंक्शनचं नाव एआयला देऊन वर्णन लिहून घेतात, दोन मिनिटांत काम संपलं म्हणतात. मला हा शॉर्टकट अजिबात पटत नाही. वाचायला छान वाटतं, पण तुमचं कोड रुपये घेतं की पैसे हे नावावरून कसं कळणार? कोड उघडा, वाचा, मग लिहा. नंतर जुन्या खऱ्या चॅटमधली वीसेक वाक्यं, नावं-नंबर काढून, टेस्ट मोडमध्ये चालवा आणि एजंटचं उत्तर न बघता त्याने टूलला नेमके कुठले आकडे पाठवले ते बघा. "निदान अर्धे तरी द्या" हे वाक्य त्यात असू द्याच. अर्धे म्हणजे महिन्याचे की वर्षाचे, हे तुमच्या वर्णनातून कळतं का ते तिथेच दिसेल.