मोरेनादा शिकायचाय? मग आधी पोशाखाचं वजन समजून घ्या

बोलिव्हियातल्या ला पाझला ग्रान पोदेर या येशूच्या उत्सवाची मिरवणूक निघते ना, मे-जूनमध्ये, ट्रिनिटी संडे या ख्रिस्ती सणाच्या आदल्या दिवशी, त्यात आयमारा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा सगळ्यात मानाचा नाच म्हणजे मोरेनादा. व्हिडिओ बघून वाटतं, नुसतं डुलत डुलत तर जायचंय. पण तो डुलणारा पाय पोशाखाच्या वजनातून आलाय, म्हणून स्टेप्स पाठ करण्याआधी हे वजन अंगात मुरवा.

पुरुषांचा पोशाख पिंपासारखा, एकावर एक थर असलेला कडक घेर, खांद्यांवर भरगच्च भरतकाम, वर पिसं आणि बाहेर आलेले डोळे, लोंबती जीभ असलेला मुखवटा. हा मुखवटा बोलिव्हियातल्याच पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी आणलेल्या आफ्रिकन गुलामांची आठवण आहे असं बरेच जण मानतात, त्यामुळे तो घालून माकडचेष्टा करू नका प्लीज, मला ते बघवत नाही.

सुरुवात साध्या कपड्यांत करा. ब्रास बँडचा संथ दोनाचा ठेका लावा, गुडघे किंचित वाकवा आणि सगळं वजन आधी एका पायावर पूर्ण सोडा, मग दुसऱ्यावर, घाई नको. खांदे आपोआप डुलायला लागतील, मुद्दाम हलवू नका. ते जमलं की हातात मात्राका घ्या, म्हणजे फिरवली की करकरणारी लाकडी खुळखुळ्यासारखी वस्तू, आणि ती ठेक्यावरच फिरवा, कारण पूर्ण रांगेचा आवाज एक यायला हवा, एक जण जरी मागे पडला तरी लगेच कानाला खुपतं. मग पाठीवर भरलेली सॅक घेऊन हेच करा, तेव्हा खरी परीक्षा.

बायकांचं गणित वेगळं. आधी एकावर एक परकर, त्यावर चुण्यांची पोयेरा, म्हणजे घेरदार स्कर्ट, मग ब्लाऊज, खांद्यावर लांब झालरीची शाल, ती पुढे पिनने पक्की करायची. केसांच्या दोन वेण्या घालून टोकांना लोकरीचे गोंडे बांधायचे, आणि सगळ्यात शेवटी ती गोल बोलर हॅट. ती डोक्यावर नुसती टेकलेली असते, म्हणून मान स्थिर, हालचाल कमरेखाली. घेर गिरकीत नीट फुलला पाहिजे, पण हात लावून उडवायचा नाही, कमरेच्या झोक्यानेच फुलतो. पोयेरा ही वसाहतीच्या काळातल्या स्पॅनिश पोशाखातून आली, आणि आयमारा बायकांनी तिला अशी आपली करून टाकली की आज ती त्यांच्या अभिमानाची खूण आहे, मला हे फार भारी वाटतं.

पोशाखासाठी ला पाझमधला काये लोस आन्देस हा रस्ता गाठा, तिथे भरतकाम करणाऱ्यांची आणि मुखवटेवाल्यांची दुकानं रांगेने आहेत. पण एकट्याने काही शिवून घेऊ नका, आधी नाचणाऱ्या मंडळात जा, कापडाचा रंग तिथे गटाने ठरतो आणि सगळ्यांचा सारखा असतो.

अजून एक, शहर साधारण ३६०० मीटरवर आहे. पोहोचल्या पोहोचल्या सरावाला उभं राहिलात तर दम लागणारच, चार दिवस नुसते चाला, कोकाच्या पानांचा चहा प्या.

बोलिव्हियातल्याच ओरुरो शहराच्या कार्निव्हलला नाचणार असाल तर तयारी अजून एका गोष्टीची. तिथे बरेच जण सोकावोनच्या कुमारिकेला, म्हणजे तिथल्या मेरीमातेला, नवस बोलून सलग ३ वर्षं नाचतात, आणि नाचत नाचत चर्चला पोहोचले की मुखवटा काढून गुडघ्यांवर आत जातात. गुडघ्यांसाठीही आधीपासून व्यायाम ठेवा.