कोकणच्या जुन्या इंग्रजी कागदांचा अर्थ कसा लावावा

राजापूरची इंग्रजांची ‘फॅक्टरी’ शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये लुटली. इथे ‘कारखाना’ असं भाषांतर केलं की पुढचं सगळं बिघडतं. ती वखार होती: माल घेऊन साठवायचा आणि जहाजावर चढवायचा. ‘फॅक्टर’ म्हणजे त्या वखारीवरचा ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी नोकर. जुने कागद वाचताना खरी फसगत अशा ओळखीच्या शब्दांनीच होते. अनोळखी शब्द दिसला की आपण कोश उघडतोच.

सुरुवातीला वहीत तीन रकाने आखा: कागदातलं स्पेलिंग जसंच्या तसं, कागदाचं साल आणि अर्थ. सालाचा रकाना वगळू नका. एकाच शब्दाचा अर्थ शंभर वर्षांत बदलतो.

साधारण १८०० पूर्वीच्या छपाईत ‘एस’ अक्षर लांब असतं आणि ‘एफ’सारखं दिसतं. एफची आडवी रेघ दांड्याच्या दोन्ही बाजूंना जाते. लांब एसला ती फक्त डावीकडे असते, किंवा नसतेच. शब्दाच्या शेवटी मात्र नेहमीचाच एस येतो. त्यामुळे ‘सेल’, म्हणजे शीड, हा शब्द ‘फेल’ असा वाचला जातो. संगणकही तीच चूक करतो. म्हणून स्कॅन केलेल्या पुस्तकात ‘शिप’ शोधताना एसच्या जागी एफ घालूनही एकदा शोधा.

गावांची नावं डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा. जुन्या स्पेलिंगमध्ये ‘यू’ बहुतेकदा ‘अ’साठी येतो, दोन ‘ओ’ उ-ऊसाठी आणि दोन ‘ई’ ईसाठी. ‘ड्रूग’ म्हणजे दुर्ग, ‘सेव्हर्नड्रूग’ म्हणजे सुवर्णदुर्ग. (हे नाव धारण करणारा मनोरा लंडनमध्ये आजही उभा आहे. सुवर्णदुर्ग घेणाऱ्या कमोडोर (आरमारी अधिकारी) जेम्सच्या स्मरणार्थ तो १७८४ मध्ये बांधला.) काही नावं मात्र उच्चारून सुटत नाहीत, ती पाठच करावी लागतात: ‘घेरिया’ म्हणजे विजयदुर्ग, ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हणजे बाणकोट, ‘फोर्ट ऑगस्टस’ म्हणजे सिंधुदुर्ग.

सर्वांत जास्त वेळ समुद्राच्या शब्दांना द्या. जहाजं ‘रोड’मध्ये उभी आहेत, असं वाक्य वारंवार येतं. तो रस्ता नव्हे. बंदराबाहेर नांगर टाकून थांबता येईल अशी ती पाण्यातली जागा. त्याहून बाहेरचं, पण किनाऱ्यावरून दिसणारं पाणी म्हणजे ‘ऑफिंग’. ‘स्प्रिंग टाइड’चा वसंताशी संबंध नाही, ते आपलं उधाण, ‘नीप’ म्हणजे भांगाची, कमी चढणारी भरती. खाडीच्या तोंडाशी साचलेला वाळूचा बांध म्हणजे ‘बार’. उधाणाची वाट बघत जहाज बाहेर का थांबलं, हे बऱ्याचदा या एका शब्दावरून कळतं. ‘बॉम्ब’ हे जहाजाचंही नाव असू शकतं: उखळी तोफा बसवलेलं जहाज. ‘फॅदम’ म्हणजे सहा फूट, आपली वाव. ‘लीग’ म्हणजे तीन मैल. आंग्र्यांच्या आरमाराच्या वर्णनात ‘ग्रॅब’ आणि ‘गॅलिव्हट’ येतात, ती आपली गुराब आणि गलबत. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची. गलबत लहान, वल्ह्यांवरही चालणारं. दोन्हींना सरसकट ‘जहाज’ लिहिलं तर लढाईचं चित्रच पुसलं जातं.

वजनांत घाई नको. ‘कँडी’ म्हणजे खंडी, ‘मॉन्ड’ म्हणजे मण, आणि वीस मणांची एक खंडी. पण मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलो, तर बंगालचा सुमारे ३७.३ किलोचा. शंभर खंडी मालाला चुकून बंगालचा मण लावला, तर साडेपंचवीस टनांऐवजी जवळपास पंचाहत्तर टन उत्तर येतं. कागदात पौंडांचा हिशेब दिला असेल तर तोच धरा.

तारखांत ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ म्हणजे मागचा, ‘प्रॉक्सिमो’ म्हणजे पुढचा. ३ मार्चच्या पत्रातला ‘२५ अल्टिमो’ म्हणजे २५ फेब्रुवारी. इंग्रजांचं वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी १६६० असं लिहिलेलं पत्र आपल्या हिशेबाने १६६१ चं असू शकतं. पोर्तुगीजांनी नवं, म्हणजे आज आपण वापरतो ते कॅलेंडर १५८२ पासूनच धरलं होतं; इंग्रज १७५२ पर्यंत जुन्यावरच होते. त्यामुळे सतराव्या शतकातल्या एकाच घटनेची चौलची पोर्तुगीज तारीख इंग्रजी तारखेच्या दहा दिवस पुढे दिसते. त्या दोन वेगळ्या घटना समजू नका.

कोशांपैकी यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) आधी उघडा. त्यात जुन्या वापराची उदाहरणं सालांसह आहेत. मग मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती घ्या आणि तुम्ही लावलेला मराठी शब्द तिथे त्याच अर्थाने सापडतो का ते पडताळा. अठराव्या शतकातल्या साध्या इंग्रजी शब्दांसाठी जॉन्सनचा १७५५ चा कोश आजच्या कोशापेक्षा जवळचा; सुवर्णदुर्ग इंग्रजांनी घेतला तेच ते साल. एवढं करूनही ‘प्यून’ म्हणजे शिपाईगडी की पायदळातला सैनिक हे ठरत नसेल, तर दोन्ही अर्थ लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवा. त्याच हस्ताक्षरातलं पुढचं पत्र पुष्कळदा तो गुंता सोडवतं.