असोसिएशनमध्ये शिरताना: एका सर्जन बाईचा अनुभव

एम.एस. झाल्यावर सर्जनांच्या असोसिएशनच्या पहिल्याच राज्यस्तरीय परिषदेला गेले. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलाने यादीत ‘डॉ.’ आणि आमचं आडनाव बघितलं, डेलिगेटचं किट नवऱ्याच्या हातात दिलं आणि मला ‘अकम्पनीइंग पर्सन’चा, म्हणजे डेलिगेटसोबत आलेल्या माणसाचा, पिवळा बॅज. वर पैठणी खरेदीच्या सहलीचं कुपन. नवरा बँकेत आहे. हर्नियावरचा पेपर मला वाचायचा होता.

आता पीजीच्या, म्हणजे एम.एस. करणाऱ्या, मुली विचारतात, “मॅडम, असोसिएशनचं मेंबर होऊन मिळतं काय?” क्रेडिट पॉइंट म्हणाल, तर डॉक्टरची नोंदणी चालू ठेवायला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० लागतात, पण ते सभासद नसतानाही सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या उजळणीच्या व्याख्यानांना, बसून मिळतात. खरी गोष्ट वेगळी आहे. पॅनेलवर कोण, चेअरपर्सन कोण, कोणाचं ऑपरेशन लाइव्ह दाखवायचं, हे कार्यकारिणीत ठरतं. आणि कार्यकारिणी मतांवर निवडून येते.

म्हणून आधी फॉर्म भरा. पीजी असताना मिळणाऱ्या असोसिएट सभासदत्वाला बहुतेक ठिकाणी मत नसतं. पास झाल्यावर ते लाइफ मेंबरशिपमध्ये बदलून घ्यायचं राहून जातं, कारण सरकारी सेवेचा बॉण्ड, लग्न, बाळंतपण, गाव बदलणं, सगळं त्याच दोन-तीन वर्षांत येतं. माझं चार वर्षं राहिलं. निवडणुकीच्या दिवशी यादीत नाव शोधत बसले होते.

पुढचा सापळा गोड आहे. “मॅडम, तुमचं मराठी काय छान आहे हो!” म्हणजे सूत्रसंचालन तुमच्या गळ्यात. मग आरतीचं ताट, कल्चरल कमिटी, जेवणाचा मेनू. तीन वर्षं मी हौसेने केलं, फोटोही भरपूर निघाले, पण एका सेशनचीही चेअरपर्सन झाले नाही. चौथ्या वर्षी म्हटलं, “करते, पण सायंटिफिक कमिटीत नाव घाला.” हे तोंडी सांगू नका. सेक्रेटरींना मेल टाका, कार्यक्रम छापायला जायच्या दोन-तीन महिने आधी.

खजिनदार हे पद कोणालाच नको असतं. ते मागून घ्या. चेकवर तुमची सही लागली की कोणत्या कंपनीने किती दिले, कोणाला विमानाचं तिकीट गेलं, सगळं नजरेखालून जातं. माझ्याशी सर लोक नीट बोलायला लागले ते तेव्हापासून, ऑपरेशनं बघून नव्हे!

स्त्रीरोगवाल्या मैत्रिणींना हे ऐकून हसू येतं. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या अधीक्षक राहिलेल्या डॉ. जेरुशा झिराड १९५० मध्येच त्यांच्या राष्ट्रीय महासंघाच्या अध्यक्ष होत्या. सर्जरीची गाडी विलायतेतही बैलगाडीच. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने एलिनॉर डेव्हिस-कॉली यांना १९११ मध्ये पहिली स्त्री फेलो केलं. पहिली स्त्री अध्यक्ष, क्लेअर मार्क्स, २०१४ मध्ये. १०३ वर्षं!

राहता राहिली बैठकीची वेळ. आमची रात्री साडेआठला सुरू होते, आणि खरे निर्णय साडेदहानंतर ग्लास हातात घेऊन होतात. तोवर घरून दोन फोन येऊन गेलेले असतात. मी रविवारी सकाळी दहाचा ठराव मांडला, भांडून मंजूरही करून घेतला. पहिल्या बैठकीला पाच जण आले, त्यात तिघी बायका. कोरम झाला नाही. पुढची पुन्हा साडेआठला.