जाळ्यात व्हेल शार्क आला तर ओढत बसू नका, जाळं कापा

पावसाळी मासेमारी बंदी उठली, नारळ सोडून झाला, बर्फ डिझेल भरून सगळे सुटलेत, म्हणून तांडेलांसाठी, म्हणजे नौका चालवणाऱ्या म्होरक्यांसाठी घाईत लिहितोय. दरवर्षी एकच चूक बघतो. जाळ्यात मोठं धूड आलं की जाळं वाचावं म्हणून तास-दोन तास नुसते ओढत बसतात, शेवटी जाळंही फाटतं आणि मासाही मरतो.

अंगभर पांढरे ठिपके असलेला व्हेल शार्क आणि करवतीसारखं तोंड असलेला करवत मासा, दोन्ही वाघासारखेच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये आहेत, व्हेल शार्क तर 2001 पासून. मारला किंवा विकला तर 3 ते 7 वर्षं कैद, वर कमीत कमी 25 हजार दंड. आणि जिवंत सोडलात तर महाराष्ट्रात 2018 पासून जाळ्याची भरपाई मिळते, 25 हजारापर्यंत. पण फोटो-व्हिडीओ लागतो! गेल्या सीझनला एका नौकेने बिचाऱ्यांनी मासा सोडला, शेपटीला तीन वेढे बसले होते ते कापून काढले, पण फोन केबिनमध्ये बंद पडलेला, पुरावा नाही म्हणून अर्ज तसाच राहिला.

म्हणून आधी अर्धा मिनिट शूटिंग, एकाने फोन धरायचा, दुसऱ्याने लगेच कापायला घ्यायचं. शेपटीला दोर बांधून नौकेमागे ओढू तर अजिबात नका, उलटं ओढलं की कल्ल्यांत पाणी नीट जात नाही, दम कोंडतो, मग सोडला तरी तळाला जाऊन मरतो.

माझा अंदाज सांगतो, जवळा दाट दिसला की तिथे हा तोंड वासून येतो. तिथे जाळं टाकायच्या आधी पाणी बघा.

निघायच्या आधी:
- फोन चार्ज, पॉवर बँक, प्लास्टिक पिशवी
- धारदार कोयती हाताशी
- लायसन्स, नौकेचे कागद
- ट्रॉलला (ओढायच्या जाळ्याला) 40 मिमी चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचं भोक

जाळेवाला बारीक आसाचं महाग जाळं गळ्यात मारेल, घेऊ नका, त्यात मुशीची (लहान शार्कची) पिल्लं येतात. मुशी बांगड्यासारखी लाखो अंडी घालत नाही, मोजकीच पिल्लं देते. आणि शार्कच्या परांना चांगला रेट देतो म्हणणाऱ्या एजंटला सरळ नाही सांगा, पर कापून धड फेकणं 2013 पासून बंद आहे आणि 2015 पासून शार्कचे पर निर्यातच होत नाहीत.

खलाशी नवीन असतील तर जेट्टीवरच सांगून ठेवा फोन कोण धरणार आणि कोयती कोण, रात्री अंधारात हाका मारत बसायला वेळ नसतो.