डिरेक्शनल अँटेना लावल्यावर ॲड हॉक नेटवर्क जोडलेले राहील का, हे आधी कसे तपासावे

ॲड हॉक नेटवर्कमध्ये मध्यवर्ती टॉवर नसतो. प्रत्येक नोड, म्हणजे नेटवर्कमधले प्रत्येक उपकरण, शेजारच्या नोडमार्फत संदेश पुढे पाठवतो. म्हणून एखाद्या दुव्याचा पल्ला किती वाढला यापेक्षा कोणत्याही नोडपासून इतर प्रत्येक नोडपर्यंत वाट उरते का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. अँटेना विकत घेताना हे दोन प्रश्न सर्रास एकच समजले जातात.

सुरुवात कागदावरच्या हिशेबाने करावी. डिरेक्शनल अँटेना शक्ती एका दिशेच्या पट्ट्यात, म्हणजे बीममध्ये, एकवटतो; ओम्नी अँटेना ती सर्व दिशांना सारखी पसरवतो. ९० अंशांचा आदर्श बीम ओम्नी अँटेनाच्या चौपट, म्हणजे ६ डेसिबल गेन (त्या दिशेला सिग्नलच्या शक्तीतली वाढ) देतो. दोन्ही टोकांना असा बीम असल्यास एकूण गेन १६ पट होतो. मोकळ्या जागेत सिग्नलची शक्ती अंतराच्या वर्गानुसार घटते, त्यामुळे पल्ला ४ पट आणि क्षेत्र १६ पट होते. मात्र बीम वाटेल त्या दिशेला स्थिर असतील, तर दोन नोडचे बीम परस्परांवर रोखलेले असण्याची शक्यता १६ मध्ये १ असते. परिणामी सरासरी शेजाऱ्यांची संख्या होती तेवढीच राहते. इमारतींच्या दाटीत ही घट अंतराच्या चौथ्या घातानुसार होऊ लागली, तर पल्ला केवळ दुप्पट, क्षेत्र चौपट, आणि शेजारी पूर्वीच्या एक चतुर्थांश उरतात. माझ्या मते हा हिशेब केल्याशिवाय अँटेनाची निवड करूच नये.

तरीही सरासरी शेजाऱ्यांच्या आकड्यावर थांबता येत नाही, कारण लांब पल्ल्याचे थोडे दुवे दूरचे गट एकमेकांना जोडतात. त्यासाठी सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर नेटवर्कची नक्कल, करावे. एका चौरसात १०० नोड यादृच्छिकपणे मांडावेत, प्रत्येकाला बीमची दिशा द्यावी, प्रत्येक जोडीसाठी दोन्ही बाजूंचा गेन आणि अंतरामुळे होणारी घट मिळवून दुवा ठरवावा, आणि मग नोड व दुव्यांचे संपूर्ण जाळे, म्हणजे आलेख, एकसंध आहे का ते पाहावे. एका मांडणीवरून निष्कर्ष काढू नये. अनेक मांडण्यांपैकी किती एकसंध निघाल्या हे प्रमाण मोजावे, आणि त्याच मांडण्यांवर ओम्नी अँटेनाचेही प्रमाण काढावे. ओम्नीसाठी गुप्ता आणि कुमार या संशोधकांचा १९९८ चा निष्कर्ष उपयोगी पडतो: सरासरी शेजारी नोडसंख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमपेक्षा पुरेसे जास्त असावे लागतात. १०० नोडसाठी तो लॉगॅरिदम सुमारे ४.६ आहे, आणि चौरसाच्या कडेला शेजारी कमी मिळत असल्याने प्रत्यक्षात अधिक लागतात. एकाकी पडणारे नोड कडेला आणि कोपऱ्यांत सापडण्याची शक्यता अधिक असते. ते वेगळे मोजून ठेवावेत.

बीमच्या बाहेरचा गेन शून्य धरू नये. खऱ्या अँटेनाला साइड लोब, म्हणजे मुख्य बीमच्या बाहेर जाणारे क्षीण झोत, असतात, आणि जवळचे पुष्कळ दुवे त्यांच्याच आधाराने टिकतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झला विनापरवाना वापरात प्रभावी प्रक्षेपित शक्तीवर ४ वॉटची मर्यादा आहे. तुमचे प्रसारण त्या मर्यादेला पोहोचलेले असेल, तर अँटेनाचा गेन वाढेल तितकी प्रसारणशक्ती कमी करावी लागते, आणि हिशेबात फायदा केवळ ग्रहण करणाऱ्या टोकाचाच धरावा.

बीम फिरवता येत असेल तर गणित बदलते, कारण तेव्हा वाढलेल्या पल्ल्यातला प्रत्येक नोड संभाव्य शेजारी ठरतो. पण एका दिशेला ऐकणाऱ्या नोडला दुसऱ्या दिशेची हाक ऐकू येत नाही. त्यामुळे आलेखातला दुवा कामाचा आहे का, हे ठरवण्यासाठी शेजारी शोधण्याचे आणि बीम वळवण्याचे वेळापत्रकही सिम्युलेशनमध्ये घ्यावे. एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये अँटेनाचे नमुने तयार मिळतात, वेळापत्रक मात्र तुम्हालाच लिहावे लागेल.